डब्याची डावी बाजू

दातांच्या अकरा दवाखान्यांत अकरा डबे होते आणि ते अकराही डबे सिस्टिमवाली मुख्य कार्यालयातल्या आपल्या खुर्चीत बसून सांभाळायची. प्रत्येक डब्यात चार डिस्क आणि त्यांच्यावर पेशंटांचे एक्स-रे. जागेवरून न उठता लांबच्या डब्यांना हुकूम सोडता यावेत म्हणून तिने एक स्क्रिप्ट लिहिली होती. खरं सांगायचं तर तिच्या हातच्या ओळी चाळीसच. बाकीचं काम एक लायब्ररी करायची, म्हणजे दुसऱ्याच कुणीतरी लिहून फुकट वाटलेला आज्ञांचा तयार गठ्ठा. गठ्ठ्यासोबत माहितीची पानंही आली होती, पण ती कोण वाचतंय.

महिनाअखेरीस तिची नोकरी कायम व्हायची होती. शिवाय तीन आठवडे तिची दाढ ठणकत होती. पगार दातांवर चालत असूनही तिला दंतवैद्याची विलक्षण भीती वाटायची, आणि ही गोष्ट तिने ऑफिसात कुणाला कळू दिली नव्हती.

मंगळवारी सकाळी स्क्रिप्टने सातव्या शाखेपुढे लिहिलं: डिस्क २, खराब. एक डिस्क गेली तर डबा कसाबसा तग धरतो, उरलेल्या तिघी मिळून तिचा भार उचलतात. दुसरी गेली की चौदा वर्षांचे एक्स-रे गेले. सगळ्याची आणखी एक प्रत ठेवू या, असा तिचा अर्ज साहेबांच्या टेबलावर गेल्या वर्षापासून कपाखाली होता. आणि आत्ता साहेब तोच कप घेऊन तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

तिने सातव्या शाखेच्या डॉक्टरांना फोन लावला. बावीस वर्षं दात काढूनही या माणसाचा उत्साह जराही कमी झालेला नव्हता. पुढचं झाकण उघडा, डावीकडून दोन नंबरची डिस्क ओढून काढा आणि ड्रॉवरमधली नवी तिच्या जागी बसवा, असं तिने सांगितलं.

"आधी हलते का बघू?" डॉक्टरांनी विचारलं.

"नको, सरळ ओढा."

फोनवर खट्ट असा आवाज आला. अख्खी आली, असं डॉक्टरांनी समाधानाने कळवलं. साहेबही समाधानाने मीटिंगला गेले.

मग तिला सुचू नये ते सुचलं. तिने ती माहितीची पानं उघडली. चौथ्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ होती: डिस्कची मोजणी शून्यापासून सुरू होते.

शून्य, एक, दोन. म्हणजे लायब्ररीची दोन नंबरची ती माणसांची तिसरी. डॉक्टरांनी धडधाकट डिस्क उपटली होती आणि मेलेली आत तशीच होती. तिने स्क्रिप्ट चालवून पाहिली. उत्तर नाही. पुन्हा चालवली. उत्तर नाही. सातव्या शाखेत खुर्चीत तोंड उघडून बसलेली, एक्स-रे नसलेली माणसं तिच्या डोळ्यांपुढे येऊ लागली. राजीनाम्याची पहिली ओळ तिने मनात तयारही केली. दुसरी सुचेना, म्हणून तिने फोन लावला.

"डॉक्टर, कुठली काढलीत?"

"तुम्ही सांगितलीत तीच. डावीकडून दुसरी."

"ती चांगली होती." "तिसरी काढायची होती. मीच चुकीचं सांगितलं. सगळी माझी चूक आहे."

पलीकडे कुणाच्या तरी तोंडातली लाळ ओढणारी नळी गुरगुरत होती.

"कुणाच्या डावीकडून?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्हणजे? तुमच्या."

"माझ्या कशाला? बावीस वर्षं मी डावं म्हणतो ते पेशंटचं डावं. डबा माझ्याकडे तोंड करून बसलाय. त्याची डावी बाजू माझ्या उजव्या हाताला येते."

तिने कागदावर चार चौकोन काढले आणि बोट ठेवून तीनदा मोजले. डॉक्टरांच्या उजवीकडून दुसरी म्हणजे त्यांच्या डावीकडून तिसरी. बरोबर तीच. तिला चक्क रडू आलं. तेवढ्यात स्क्रिप्टनेही उत्तर दिलं. डबा नवी डिस्क भरून घेण्यात गुंतला होता, म्हणून बोलत नव्हता. भरायला पाच तास लागणार होते आणि तोवर त्या जागेपुढे 'खराब' असंच दिसणार होतं.

पुन्हा असा घोळ नको म्हणून तिने लगेच स्क्रिप्टमध्ये एक मिळवला, म्हणजे यापुढे मोजणी माणसांसारखी एकपासून. स्क्रिप्ट सुरूच ठेवून ती तोंड धुवायला गेली.

परत आली तर तिच्या खुर्चीत साहेब आणि साहेबांच्या कानाला फोन. पडद्यावर लिहिलं होतं: सातवी शाखा, डिस्क ३, खराब.

"अगं, आता तिसरीही गेली," साहेब फोनवर हात ठेवून म्हणाले. "पण घाबरू नकोस. डावीकडून तिसरी काढा म्हणून मी डॉक्टरांना सांगितलंय."

डॉक्टर पुन्हा डब्याचीच डावी बाजू धरणार, आणि तिकडून तिसरी डिस्क ठणठणीत होती. नवी अजून भरतच होती. तिसरी काढू नका, एवढंच तिला ओरडायचं होतं, पण साहेबांनी हात काढून फोन पुन्हा कानाला लावला होता. तिने टेबलाची कड घट्ट धरली आणि खट्ट आवाजाची वाट पाहत डोळे मिटून घेतले.

आवाज आला तो साहेबांनी फोन आपटल्याचा.

"काय माणूस आहे हा. म्हणतो, एका पेशंटचे एका दिवशी दोन मी काढत नाही. आधी सूज उतरू दे, गुरुवारी बघू. त्याला जरा समजाव, हा दात नाहीये म्हणून."

"राहू द्या सर," ती कशीबशी म्हणाली. "डॉक्टरांचं बरोबर आहे."

संध्याकाळी चारही डिस्कपुढे 'ठीक' आलं. साहेब घरी गेल्याची खात्री करून तिने सातव्या शाखेला फोन लावला आणि गुरुवारची वेळ स्वतःसाठी मागितली.

"दाढ आहे," ती म्हणाली. "डावीकडची. म्हणजे माझ्या डावीकडची. कितवी ते मोजून सांगू का?"

"नको," डॉक्टर घाईघाईने म्हणाले. "मोजायचं तेवढं माझ्यावर सोडा."