समितीचं पातेलं

माणसाच्या तब्येतीची काळजी हे इतकं गंभीर काम आहे की ते ज्याची तब्येत आहे त्याच्यावर, किंवा त्याच्या आईवर, सोडून चालत नाही. त्याला घरची माणसं लागतात. आमच्याकडे ती भरपूर आहेत.

माझ्या पुतणीला, म्हणजे ठमीला, अंडं, दूध आणि शेंगदाणा चालत नाही. ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात आणि वाढदिवसाची वरात थेट दवाखान्यात जाते. (दोनदा गेली आहे. दोन्ही वेळा आम्हाला फुगे दाराबाहेर ठेवायला लावले, ही गोष्ट काही मला आवडली नाही.) म्हणून गेल्या वर्षी ठमीने मेणबत्त्या फुंकल्या, केक कापला, सगळ्यांना वाटला आणि स्वतः सफरचंदाची फोड खाल्ली. यंदा तिची मागणी एकच होती, "माझा केक मी खाणार."

मागणी रास्त असल्याने घरात तातडीने समिती नेमण्यात आली. अध्यक्ष दादा, म्हणजे ठमीचा बाप. स्वयंपाकघरात कधी पाऊल न टाकल्यामुळे तो निःपक्षपाती आहे. वैद्यकीय सल्लागार ठमीचा मामा, कारण तो औषधाच्या दुकानाच्या वरच राहतो. चव खात्याची प्रमुख ठमीची आजी, सजावटीची आत्या, चिटणीस मी. वहिनीला मात्र समितीत घेतलं नाही. तिला केक करायचा होता.

समितीच्या पाहणीचा निष्कर्ष असा: ॲलर्जी असते हे मानणारे शंभर टक्के. ती आपल्या हातच्या पदार्थालाही लागू होते हे मानणारे शून्य.

वाढदिवसाच्या सकाळी वहिनीने मैदा, कोको, कुस्करलेली केळी आणि तेल कालवून पातेलं ओट्यावर ठेवलं आणि ती चक्क बाहेर फुगे फुगवत बसली. एरवी ही बाई धुतलेला चमचा पुन्हा धुऊन घेते. आपल्यावर एवढा विश्वास टाकलेला पाहून समितीला भरून आलं आणि ती कामाला लागली.

आजीने केकच्या डब्याला आतून लोणी फासलं. "डब्याला लावलंय, केकला नाही." आत्याने अंड्यातला फक्त पांढरा भाग पातेल्यात घातला. बाधतो तो पिवळा, असं तिच्या मैत्रिणीच्या जावेचं ठाम मत आहे (जाऊ चित्रकला शिकवते). मामाने शेंगदाणे मिक्सरमधून काढले. "पूड झाली की! आता दाणा उरला कुठे?" अध्यक्षांनी दूध ओतलं, पण जबाबदारीने, पाणी घालून. बाहेर पडताना जो तो म्हणत होता, "एवढ्याशाने काय होतंय!" सगळ्यांचं एवढंसं एवढंसं मिळून पातेलं काठोकाठ आलं. मी चिटणीस असल्याने फक्त चाखून पाहत होतो.

संध्याकाळी केक आला. तो छान फुगला होता, समिती त्याहून फुगली होती. ठमी मात्र थबकली.

"आई, हा कोणाचा?"

"हा समितीचा. पलीकडच्या खोलीत जाईल, पाहुण्यांसाठी."

तेवढ्यात समोरच्या घरातल्या शिंपीणकाकू एक झाकलेलं ताट घेऊन आल्या. त्यात दुसरा केक होता, चपटा, एका अंगाला कललेला. वहिनीने तो आदल्या दिवशीच त्यांच्या घरी, त्यांच्या भांड्यात केला होता. सुरीसुद्धा त्यांचीच होती.

"म्हणजे आमच्यावर विश्वास नाही?" आजीचा आवाज चढला.

"आहे ना, आई," वहिनी म्हणाली. "पूर्ण विश्वास होता, म्हणून तर तुमच्यासाठी वेगळं पातेलं मांडलं."

ठमीने फुंकर मारली, केक कापला आणि पहिला घास स्वतःच्या तोंडात कोंबला. मग दुसरा. मग तिसरा. नाकापासून कोपरापर्यंत कोको माखला. वहिनी तिचे ओठ बघत उभी होती. ते नुसते काळे झाले होते, सुजले नव्हते. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

"अगं, आजीला नाही का देणार?" आजीने तळहात पुढे केला.

ठमीने जरा विचार केला. मग चमच्याच्या टोकावर एक कण घेऊन आजीच्या तळहातावर टाकला. "एवढासाच हं."

आजीने तो चाखला आणि समितीचा अभिप्राय एकमताने नोंदवला गेला: बरा झालाय, पण लोण्याचं नुसतं बोट लागलं असतं ना, तर बहार आली असती.

तुम्हालाही मघापासून वाटतंयच, की वहिनीने जरा अतीच केलं. घरचीच माणसं ती, एवढ्याशा लोण्याने पोरीला काय होणार होतं? अगदी बरोबर बोललात. पुढच्या वाढदिवसाला अगत्य या. ओट्यावरचं पातेलं तुमच्यासाठीच मांडलेलं असेल.