तुरीच्या धुऱ्यावर शंभर फूट सिनेमा

सिनेमा पूर्ण होणे हा सिनेमाला जडणारा सर्वांत गंभीर आजार आहे, ही गोष्ट आता विद्यापीठाच्या पातळीवर मान्य झालेली आहे. म्हणूनच फुलसावंगीची दीपा ज्या प्रक्रियाप्रधान चित्रपट विभागात शिकते, तिथले प्रतिबंधक उपाय फार कडक आहेत. विभागाला नऊ वर्षं झाली. विद्यार्थी एकशे सात, नोंदवह्या दोन हजार तीनशे, चित्रपट शून्य. (हे शून्य टिकवायला किती मेहनत लागते, ते बाहेरच्यांना काय कळणार!)

गुणांची विभागणी तर इतकी न्याय्य, की बघत राहावं. प्रक्रियेला साठ, प्रक्रियेवरच्या चिंतनाला तीस, चिंतन करताना आलेल्या अडचणींना दहा. चित्रपट तयार झालाच तर वजा दहा. तो लोकांना समजला तर पालकांना घेऊन यावं लागतं. अक्षय नावाच्या एका मुलानं वसतिगृहात लपूनछपून आख्खा सिनेमा पुरा केला होता. लोक त्यात दोनदा हसले आणि एकदा रडले. आता तो पुसदला लग्नांचे व्हिडिओ काढतो, चारचाकीत फिरतो आणि विभागात त्याचं नाव हळू आवाजात घेतात.

दीपाला असं वाया जायचं नव्हतं. शेवटचं सत्र, आणि एका प्रकल्पावर पास-नापास ठरणार! विभागानं दिलेल्या एकुलत्या एक शंभर फुटी (म्हणजे जेमतेम पावणेतीन मिनिटांच्या) रिळावर तिनं आपल्या आईला, पंचफुलाबाईंना, कापूस वेचताना टिपलं.

"मले दाखवजो बरं," माय तेवढ्या वेळात तीनदा म्हणाली.

"दाखवीन ना माय."

पण दाखवणं म्हणजे निष्पत्ती, आणि निष्पत्ती म्हणजे वजा दहा. म्हणून प्रयोगशाळेतून रीळ धुऊन आल्यावर दीपानं ते तुरीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चाळीस दिवसांसाठी पुरलं. चित्रण माणसानं करावं, संकलन मातीनं, असं शास्त्र आहे. घरच्यांना मात्र सांगायचं नाही (नियम सात: सांगितल्यास मातीवर दडपण येतं).

चाळिसाव्या दिवशी बाहेरच्या परीक्षक प्रेरणा मॅडम पांढरे बूट घालून शेतात आल्या. दीपानं खड्डा उकरला. खड्ड्यात माती होती. आणखी उकरला. आणखी माती होती. संकलन जरा जास्तच झालं होतं.

"माय," बाजूला उभ्या आईकडे वळून दीपानं विचारलं, "इथं काही सापडलं काय तुले?"

"थे काळी पट्टी? डुकरायनं उकरून फेकली होती बाप्पा. हे काय, बांधली ना!"

दीपानं मान वळवली. धुऱ्याच्या काठीकाठीला गुंडाळलेला तिचा प्रकल्प दोन जुन्या लुगड्यांच्या मधोमध उन्हात चमकत होता आणि वाऱ्यानं फडफडत होता.

"नऊ दिवस झाले, एक डुक्कर नाही आलं," पंचफुलाबाईंनी मॅडमना अभिमानानं सांगितलं.

"पण ही तर कोरी आहे!" दीपा ओरडली.

"कोरी काहून नाही राह्यणार? सोडा टाकून गरम पाण्यात भिजवली, काथ्यानं घासली. लई डाग होते तिच्यावर. बारके बारके, एकासारखे एक."

"थे डाग म्हंजे तू होती, माय."

पंचफुलाबाईंनी पट्टी बोटांनी चाचपली.

"मंग सांगाचं नाही काय, पोरी? हलक्या हातानं घासलं असतं."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तिथेच उकिडवं बसून अहवाल लिहिला: चित्रित व्यक्तीने स्वतःची प्रतिमा स्वहस्ते पुसून तिचे कुंपण केले, विभागाच्या इतिहासात इतकी शुद्ध प्रक्रिया झालेली नाही. गुण शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. (डुकरं खरोखरच थांबली, म्हणजे निष्पत्ती आली; पण ती चित्रपटाची नव्हे, म्हणून दोनच वजा.) आणि ज्याची प्रक्रिया त्याचे गुण, या नियमाने पंचफुलाबाई विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण. दीपाने केवळ चित्रीकरण केले, जे कोणीही करतो. सबब अनुत्तीर्ण.

"माह्ये मार्क हिले देऊन टाका न म्याडम," पंचफुलाबाई म्हणाल्या. "मी कुठं अर्ज भरला होता?"

तशी तरतूद नव्हती. मॅडम नमुना म्हणून वीतभर पट्टी कापून घेऊन गेल्या.

नापास होण्याचा एक फायदा असतो: त्याहून नापास करता येत नाही. दीपानं मोबाइल काढला, मायला परत कापसात उभं केलं आणि सरळ तीन मिनिटं सिनेमा काढला. सुरुवात, मध्य, शेवट, सगळं. मग दोघी धुऱ्यावर बसल्या आणि तिनं तो दाखवला.

"पदर सरळ कर म्हणून काहून नाही सांगतलं?" म्हणत पंचफुलाबाईंनी तो चारदा पाहिला. चौथ्यांदा पदर डोळे पुसण्याच्या कामी आला.

आता त्यात नेमकं असं काय होतं, आणि दीपाचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचारणारच. विचारा. मॅडमच्या वहीत शेवटाची घाई करणाऱ्यांसाठी वेगळा रकाना आहे. एव्हाना त्यात तुमचं नाव चढलं असेल, आणि पुढे वजा दहा.