पाणाड्याची लेखी श्रद्धा

"हे मी सांगितलं तर तुमच्यातल्या एकाचाबी विश्वास बसायचा न्हाई," तात्या म्हणाले आणि कडेगावच्या गिरणीतल्या बाकावर मांडी घालून बसले. "तरी सांगतो."

गिरणीवाला अर्जुना दळण ओतत राहिला. सोमवारी त्याच्या रानात बोअरची जागा दाखवायला सांगलीच्या विश्रामबागेतून धवलसाहेब येणार होते, ही बातमी तात्यांना सकाळीच लागली होती. सोमवारच्या आत अर्जुनाचं मन फिरवायचं होतं.

चाळीस वर्षं या भागात पाणी दाखवावं तर तात्यांनीच. तळहातावर आडवा नारळ ठेवून ते रानभर फिरायचे. नारळ उभा राहिला की तिथं पाणी. मग फेटा आणि मटणाचं जेवण. अलीकडे मात्र लोक धवलला बोलवायला लागले. भूगर्भशास्त्र शिकलेला तो पोरगा जमिनीत सळया ठोकायचा, वायरी जोडायचा, यंत्रातले आकडे बघायचा आणि प्लॅस्टिकच्या फायलीत घालून छापील अहवाल द्यायचा. यंत्राबद्दल तात्यांचं काही म्हणणं नव्हतं. त्यांना सलायचा तो फेटा. लोक धवलला हौसेनं बांधायचे आणि तो गाडीत बसला की काढून मागच्या सीटवर टाकायचा. तसे तीन फेटे तात्यांनी काचेतून स्वतः मोजले होते.

"शिराळ्याकडं एका बाईनं आमा दोघांनाबी बोलावलं," तात्या सांगू लागले. "मी चारचौघांत इचारलं, सायेब, तुमी जैन. पाण्यातला जीव मरू नये म्हणून पाणी गाळून पिता. मग बोअर पाडायच्या कामात तुमचा सल्ला आमी सरळ कसा मानायचा? जाणत्या माणसानं आदी आपला धर्म सांगावा, मग मत द्यावं."

हा सवाल तात्यांनी खरंच विचारला होता. धवल चिडला असता तर तात्यांना बरं वाटलं असतं. पण त्यानं पेन काढून फायलीच्या पहिल्याच पानावर लिहिलं, 'मी जैन आहे. पाणी गाळून पितो, सूर्यास्तानंतर जेवत नाही. खालचा खडक मात्र माझा धर्म विचारत नाही.' खाली सही ठोकली आणि पेन पुढं केलं.

"आता तुमचं लिहा, तात्या."

तात्यांनी मान ताठ करून लिहिलं, 'माझी श्रद्धा नारळावर.'

आपापली जागा दोघांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर दाखवायची, असं ठरलं. धवलनं दुपारभर सळया ठोकल्या, फाईल मिटली आणि उजेडात जेवण गाठायचं म्हणून पाचलाच सांगलीची वाट धरली.

"आन सकाळी?" अर्जुनानं विचारलं.

"सकाळी मी डोळं झाकलं. शेळ्यांच्या गोठ्यामागं गेलो आन नारळ ताडकन उभा. नुसता उभा न्हाई गड्या, भवऱ्यागत फिरायला लागला. सायबाच्या जागेला नुसता फुफाटा. माझ्या जागेला पाणी असं उसळलं, की बोअरच्या गाडीचा डायवर आंघोळ करूनच घरी गेला. सायबानं माझं पाय धरलं. म्हणाला, तात्या, मलाबी एक नारळ द्या."

अर्जुनानं गिरणी बंद केली. "मग सोमवारी तुमालाच बोलवू म्हणता?"

तात्यांनी मिशीवरचं पीठ झटकलं. फेटा कुठल्या रंगाचा हवा, तेही मनात ठरवून टाकलं.

कोपऱ्यात ज्वारीच्या डब्याशेजारी, नाकात पीठ जाऊ नये म्हणून तोंडावर पदर घेतलेली एक बाई मघापासून बसली होती. तिनं पदर खाली केला. ती रंगुबाई होती. तात्यांचा हात मिशीवरच राहिला.

"आवं तात्या, शिराळा कुठलं? रान माझं, हितंच कॅनॉलच्या खाली. पाणी लागलं ते सायबाच्या जागेला. आन आदल्या दिवशी सायेब जेवायला गेल्यालं बघून, दिवस मावळताना बॅटरी घिऊन माझ्या रानात चुन्याच्या फक्कीची खूण कोण हुडकत हुतं, ते मी दारातनं बघितलंय."

"नारळ त्याच्या मनानं उभा राह्यला, रंगुबाई," तात्या हळूच म्हणाले.

"राह्यला की. कागदावर लिवलं, श्रद्धा नारळावर. खरं लिवायचं तर ती सायबाच्या फक्कीवर हुती." रंगुबाईनं डबा काखेत मारला. "आन फक्कीबी सायबाची न्हवती. गोठ्यामागं गवंड्यानं मारल्याली, संडासाच्या खड्ड्याला."