नवव्या व्याख्यानातला हात

परबमामा गेले काही महिने एका परदेशी विद्यापीठात उभ्याने शिकत आहेत.

उभ्याने म्हणजे अक्षरशः उभ्याने. घोडपदेवच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या गावच्या मंडळाची एक खोली आहे. एके काळी गिरणीत कामाला आलेले गावचे वीस-बावीस बाप्ये तिथे पाळीपाळीने झोपत. आता गिरण्या गेल्या, बाप्येही गेले. उरल्या भिंतीवरच्या ट्रंका, ग्रामदेवतेची तसबीर आणि मंडळाने क्रिकेटसाठी आणलेला मोठा टीव्ही. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता त्या टीव्हीवर पदार्थविज्ञानाचा वर्ग भरतो. त्या विद्यापीठाने आपल्या वर्गातली जुनी व्याख्यानं जगाला फुकट देऊन टाकली आहेत. आम्ही सतरंजीवर बसून ती ऐकतो. परबमामा सगळ्यांच्या मागे, दाराला लागून, हात पाठीशी बांधून आणि खांद्यावर पिवळं फडकं टाकून दीड तास उभे असतात. व्याख्यान संपलं की ते पुढे येतात आणि टीव्हीची काच पुसतात.

"पुढच्या वर्गाला फळा स्वच्छ मिळाला पाहिजे," ते म्हणतात.

पुढचा वर्ग तीन-चार दिवसांनी असतो आणि तोही आमचाच असतो, हे मी त्यांना एकदा सांगून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी सतरंजीची घडी घालायला लागलो.

परबमामांनी चौतीस वर्षं एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. प्राध्यापक व्याख्यान देत आणि मामा मागे उभे राहून, वेळ आली की, वजनं, तारा, भिंगं पुढे करत. इंग्रजी त्यांना बोलता येत नाही, पण व्याख्यान कळतं. पुढचं वाक्य काय येणार हे त्यांना प्राध्यापकाच्या खांद्यावरून कळतं. त्या चौतीस वर्षांचं सार ते एका वाक्यात सांगतात: "प्रयोग जमला की नियम सिद्ध झाला. फसला की परब कुठे मेला?"

आता माझ्याविषयी. मी गिरगावातल्या एका जुन्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करायचो. आयुष्यभर पुस्तकांची पहिली चार पानं वाचली, कारण नोंदीला तेवढी पुरतात. माझी बायको सुनंदा गेली तेव्हा पुतण्याने फोनवर हे फुकटचे अभ्यासक्रम दाखवले. काका, मन रमेल, म्हणाला. मी एकामागून एक नावं घालत गेलो. रोमन इतिहास, कीटकशास्त्र, संगीताचं व्याकरण. आजमितीला माझ्या नावावर जगातल्या एकतीस अभ्यासक्रमांचा पहिला आठवडा जमा आहे. दुसरा एकाचाही नाही. एक अभ्यासक्रम मृत्यूच्या तत्त्वज्ञानाचा होता. पहिल्याच व्याख्यानात प्राध्यापकांनी विचारलं, मृत्यू म्हणजे नेमकं काय? मी फोन बंद करून खाली फरसाण आणायला गेलो.

अशा वेळी परबमामांनी दार वाजवलं. ते माझ्या शेजारच्या खोलीत एकटे राहतात. कुटुंब गावी, मुलगा बडोद्याला. "सामंतानू," ते म्हणाले, "तुमका इंग्रजी येता. मंडळाच्या टीव्हीवर ता लेक्चर लावून देशात काय?" मी लावून दिलं, आणि बसलो. तेव्हापासून बसतोच आहे.

वर्गात तिसरी पक्की विद्यार्थिनी म्हणजे भायखळ्याच्या मिसेस परेरा. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. त्या व्याख्यान लघुलिपीत उतरवून घेतात, जे नंतर त्यांनाही वाचता येत नाही. बाकी दोघे-चौघे येतात, पंख्याखाली बसतात आणि क्रिकेट असलं की येत नाहीत.

आठ व्याख्यानं सुरळीत पार पडली. माझ्या दृष्टीने तो विक्रम होता. मग नववं आलं.

नवव्या व्याख्यानात टेबलावर एक पोलादी लंबक आहे. वर एक धारदार पट्टी आहे, तिच्या धारेवर तो टेकवलेला आहे. प्राध्यापक बोलण्याच्या भरात टेबलाला धक्का देतात आणि लंबक वेडावाकडा हलू लागतो. त्यांचं लक्ष नाही. इतक्यात पडद्याच्या उजव्या कडेने एक हात येतो. बाही दुमडलेली, अंगठ्याला पट्टी. तो हात दोन बोटांनी लंबक थांबवतो आणि निघून जातो. सगळं मिळून तीन सेकंद.

"थांबवा," मागून आवाज आला. मामा व्याख्यान कधीच थांबवू देत नाहीत. माणूस बोलत असताना थांबवणं त्यांना उद्धट वाटतं. "मागे घ्या. तो हात परत दाखवा."

मी दाखवला. त्यांनी पाच वेळा पाहिला.

"काच फुटली असणार," ते म्हणाले. "अंगठा कापलाय. आणि बघा, धरला नाही हो लंबक. नुसता थांबवला. धरला असता तर धारेवरून सरकला असता. हे शिकवून येत नाही. कोण आहे हा?"

"असेल कोणी तिथला," मी म्हणालो.

"असेल कोणी," त्यांनी माझेच शब्द पुन्हा म्हटले आणि फडक्याची घडी घातली. मला त्या घडीत बरंच काही ऐकू आलं.

त्यांना त्या माणसाला पत्र लिहायचं होतं. शाबास म्हणायचं होतं. "माका चौतीस वर्षांत कोणी लिवला नाय, त्याचा काय नाय. पण मी तरी लिवूक नको?" पत्राला नाव हवं. अभ्यासक्रमाच्या पानाखाली शिकणाऱ्यांच्या गप्पांची एक जागा आहे. देशोदेशीचे लोक तिथे अडलेलं विचारतात आणि एकमेकांना सांगतात. तिथे मी मामांच्या वतीने इंग्रजीत लिहिलं: नवव्या व्याख्यानात बाराव्या मिनिटाला जो हात येतो, तो कोणाचा?

उत्तरं आली. मनिलाच्या एका नर्सने विचारलं, कुठला हात? एका मुलाने लंबकाचं सूत्र पाठवलं. दुसऱ्याने काळजीने विचारलं, हे परीक्षेला आहे का? मी विद्यापीठालाही लिहिलं. तिकडून आभाराचं यंत्रातून निघालेलं पत्र आलं.

इकडे वर्ग नवव्यावरच अडकला. नाव कळल्याशिवाय दहावं लावायचं नाही, असं मामांनी ठरवून टाकलं. आम्ही नववं व्याख्यान चार वेळा पाहिलं. प्राध्यापकांचे विनोद मिसेस परेरा त्यांच्या आधी बोलून दाखवू लागल्या. "काय मॅन परब," त्या म्हणाल्या, "माझी हनिमून पण इतकी वेळा आठवत नाय मी."

"तुमच्या हनिमूनमध्ये लंबक होता काय?" मामा म्हणाले.

एका शुक्रवारी मात्र ते गंभीरपणे म्हणाले, "वर्ग बंद ठेवूया. नाव येईल तेव्हा चालू करू."

पुढच्या मंगळवारी सहा वाजता मी घरात होतो. पावणेसातपर्यंत मी पंख्याकडे पाहिलं. आपल्याला लंबकातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही, हे मला तोवर समजून चुकलं होतं. मला हवे होते ते फक्त ते दीड तास.

शुक्रवारी मी मामांचं दार वाजवलं आणि म्हणालो, "उत्तर आलंय. त्याचं नाव आर्थर."

मामांनी चष्मा काढला. "आर्थर," ते म्हणाले. मग पुन्हा एकदा, जरा हळू. "वाचा."

मी फोनच्या कोऱ्या पडद्याकडे बघत वाचलं. आर्थर आता निवृत्त आहे, हात त्याचाच, काच खरंच फुटली होती. त्या संध्याकाळी दहावं व्याख्यान झालं. मिसेस परेरांनी टाळ्या वाजवल्या.

मला वाटलं, प्रकरण मिटलं. पण मामांनी पत्र सांगायला घेतलं. ते मराठीत सांगत आणि मी इंग्रजीत लिहीत असे. म्हणजे तसं दाखवत असे. आठवड्याने उत्तर यायचं, कारण आठवड्याने मला सुचायचं. "तुला बसायला काय होतं?" मामांनी विचारलं. आर्थरने कळवलं, एक स्टूल होतं. मामा भारावले. "स्टूल दिलेला? मोठ्या मनाची माणसं." तू लंबकाची काळजी कशी घेतोस, असं त्यांनी दुसऱ्या पत्रात विचारलं. मी बराच विचार करून लिहिलं की आर्थर रोज सकाळी त्या धारेवर दोन थेंब तेल सोडायचा. मामांनी फडक्याची घडी घातली. मग म्हणाले, "असा काय. बरा."

मला आर्थर आवडू लागला होता. मी त्याला एक बाग दिली, दुखरा गुडघा दिला, एक आळशी मांजर दिलं. माझ्या हातून घडलेलं ते एकमेव ललित लेखन. बाजारात जाताना मी आर्थरच्या गुडघ्याचा विचार करायचो आणि जरा लंगडायचो. मामाही आर्थरला असं काही सांगत जे चाळीत कोणाला माहीत नव्हतं. एकदा पारा सांडला तेव्हा दार लावून एकट्याने वेचला. निवृत्तीच्या दिवशी पुष्पगुच्छावर आडनाव चुकीचं होतं. मी खाली मान घालून लिहून घेई. माणसाने आपल्याशी विश्वासाने बोलावं आणि आपण मात्र दुसराच कोणी असावं, ही गोष्ट वाटते तितकी सोपी नसते. दर वेळी ठरवायचो की आज खरं सांगून टाकू. मग वाटायचं, मामा वर्ग मोडतील, आणि माझ्याशी बोलणं सोडतील ते वेगळंच. मग मी मांजराला आजारी पाडायचो.

पाचवं पत्र त्यांनी एका मंगळवारी वर्ग संपल्यावर सांगायला घेतलं. मिसेस परेरा खाली उतरल्या होत्या. मामांनी काच पुसली, फडकं खिळ्याला लावलं आणि पहिल्यांदाच सतरंजीवर माझ्यासमोर बसले.

"लिहा. प्रिय आर्थर, मांजर बरं आहे ना? मला एक सल्ला हवा आहे. माझ्या शेजारी एक शिकलेला माणूस राहतो. आमची भिंत एकच."

माझं पेन थांबलं.

"लिवा हो. थांबलात कित्याक?" ते म्हणाले आणि माझ्याकडे न बघता पुढे सांगू लागले. "त्याची बायको होती तेव्हा सकाळी नऊला भिंतीपलीकडून कुकरच्या तीन शिट्ट्या यायच्या. मी त्यावर घड्याळ लावायचो. ती गेली त्याला दोन वर्षं होऊन गेली. तेव्हापासून शिट्टी नाही. कचऱ्यात नुसत्या पावाच्या आणि फरसाणाच्या पिशव्या दिसतात. डबा दिला तर म्हणतो, जेवलो. खोटं बोलणं त्याला जमत नाही. मी त्याला टीव्ही लावायला म्हणून वर्गात आणला. टीव्ही मला लावता येतो, हे त्याला सांगू नकोस."

बाहेर गॅलरीत कोणीतरी बादली सरकवली.

"बोलायला गेलो तर तो पुस्तकातलं बोलतो," मामा म्हणाले. "म्हणून तुला लिहितोय. जो माणूस लंबकाच्या धारेला तेल लावतो, त्याच्याशी जपून बोलायला लागतं."

त्या धारेला तेल कधीच लावत नाहीत. ती कोरडी ठेवतात, नाहीतर लंबक घसरतो. कुठल्याही प्रयोगशाळेतल्या माणसाला हे पहिल्या दिवशी सांगतात. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. पण मामांच्या चेहऱ्यावरून एवढं कळलं की दुसऱ्या पत्रापासून त्यांना आर्थरचा पत्ता माहीत होता. तो भिंतीपलीकडेच राहत होता.

"मामा," मी म्हणालो. "तो हात कोणाचा, ते मला कळलं नाही."

"नाय कळायचा," ते म्हणाले. "कोणी लिहून ठेवलेला नसता." त्यांनी सतरंजीचा कोपरा सरळ केला. "पण आर्थर बरो माणूस होतो. पत्रं लिहायला बरा वाटायचा. त्याका विचारा, शेजाऱ्याचा काय करूचा?"

मी कागदाकडे पाहिलं. एकतीस अभ्यासक्रमांचा पहिला आठवडा केलेल्या माणसाला एवढ्या प्रश्नाचं उत्तर यायला हवं होतं.

"आर्थरला माहीत नाही," मी म्हणालो.

"मग माणसाकाच विचारूक व्हया," मामा म्हणाले. त्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि सतरंजीवर ठेवलं. "सांगा. काय अडलाहा?"

मला बरंच काही सांगायचं होतं. सुनंदाच्या शेवटच्या महिन्याविषयी, तिच्या साड्यांच्या कपाटाविषयी, जे मी अजून उघडलेलं नाही. तोंडातून आलं ते वेगळंच.

"कुकरमध्ये पाणी किती घालायचं, ते मला येत नाही," मी म्हणालो. "तिला विचारायचं राहिलं."

मामा हसले नाहीत. प्रयोगाआधी सामान मोजून घ्यावं तसा त्यांनी क्षणभर विचार केला.

"तांदूळ खयचे, जुने काय नवे?" त्यांनी विचारलं.