बोर्ड वाचणारे पांढरीपांडे काका

आमच्या मदन महल मोहल्ल्यात लोक सकाळी फिरायला जातात, पांढरीपांडे काका बोर्ड वाचायला जातात. लेबर ऑफिसातून रिटायर झालेला माणूस. कुठं इमारत उठताना दिसली की फाटकातून सरळ आत. "मजुरांच्या सवलतींचा बोर्ड कुठं आहे? दर्शनी जागी पाहिजे. नियमात आहे!" मग विमा, पेन्शन, बाळंतपणाची मदत, सगळं मजुरांना समजेल अशा हिंदीत, खणखणीत आवाजात वाचायचं. माझ्या पोराच्या मुंजीत आचाऱ्याला विम्याचं विचारत बसले आणि तिकडे जिलबी करपली.

आमच्या घरासमोर काम सुरू झालं तेव्हाच मी म्हटलं, झालं, आता रोज पारायण. ठेकेदारानं बोर्ड आपल्या केबिनमध्ये खुर्चीमागे लावला होता. काकांनी तो बाहेर लावून घेतला.

विश्वकर्मा पूजेला मजुरांनी थापी, ओळंबा, मिक्सर, सगळं पूजलं आणि सोबत बोर्डही. हळदकुंकवाचे पट्टे, वर झेंडूची माळ. एक अक्षर दिसेल तर शपथ. काका रुमाल काढून पुढे झाले.

"चाचाजी, पूजा हुई है, छेड़िए मत," ठेकेदार म्हणाला.

"पूजा के बाद पोथी भी तो पढ़ते हैं," म्हणत काकांनी कुंकू पुसलंच. खालून ओळ निघाली. "कामगार महिलाओं के बच्चों के लिए पालनाघर..." काकांचा आवाज चढला.

विटा वाहणारी फुलवती थबकली. तिचं तान्हं रेतीच्या ढिगाजवळ गोणपाटावर निजायचं, वरून सिमेंटचे शिंतोडे उडायचे. माझ्या खिडकीतून रोज दिसायचं.

"बाबूजी, हमारे मुन्ना के लिए भी?" तिनं विचारलं.

काकांनी पुढची ओळ वाचली आणि आवाज उतरला. पन्नासांवर बायका कामाला असतील तर. इथं होत्या चार.

"नियम में नहीं है, चाचाजी," ठेकेदार हसला. काकांचंच वाक्य काकांना उलटं ऐकवणारा तो पहिलाच. काका रुमाल खिशात घालून घरी गेले. खरं सांगते, मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ई-रिक्षातून काका-काकू उतरले आणि मागोमाग पाळणा. सागवानी, अगदी कोरा. काकूंनी पितळी साखळ्या चिंचेनं घासून लख्ख केल्या होत्या. काकांनी तो जिन्याखालच्या पक्क्या आडोशाला टांगून घेतला, स्वतः ओढून पाहिला, मगच फुलवतीला बाळ ठेवू दिलं.

"काका, हे काय करून राहिले? नियमात कुठं आहे?" मी चेष्टेनं विचारलं.

"नियमात नाही," ते म्हणाले. "घरात होता. लग्नाच्या वर्षी घेतलेला."

त्यांना मूल नाही हे मला माहीत होतं. पाळणा आहे हे माहीत नव्हतं.

काकूंनी दोरी धरली. काका रोजच्यासारखे बोर्डापुढे उभे राहिले आणि वाचू लागले. पण आज अगदी हळू. बाळ झोपलं होतं.