एका घासाला बत्तीस

जेवावं कसं, हे सोलापुरात फक्त एका माणसाला कळतं, आणि तो माणूस मी! ही फुशारकी नव्हे. फुशारकी मारणारे अभ्यास करत नाहीत. मी तीन महिने केला होता. वाचनालयातली आरोग्यावरची सगळी मासिकं वाचली, दोन इंग्रजी पुस्तकं मांडीवर शब्दकोश घेऊन संपवली, आणि मगच माझी पद्धत पक्की केली. ही चौतीस सालची गोष्ट. तेव्हा शिकलेल्या लोकांत आहाराचं वेडच शिरलं होतं. कुणी नुसत्या दुधावर राही, कुणी मोड आलेल्या मटकीवर. आमचे हेडमास्तर तर चुलीनंच माणसाचा घात केला असं म्हणत कच्चा दुधी खायचे. मी मात्र सोपा मार्ग धरला. काय वाटेल ते खा, पण प्रत्येक घास बत्तीस वेळा चावा. दात बत्तीस, म्हणून चावणंही बत्तीस.

मी पंचाक्षरी मास्तर. कसब्यातल्या शाळेत चौथीला गणित शिकवतो, तेव्हा मोजण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. तरी पहिल्या आठवड्यात आकडा हुकायचा. मनात मोजावं तर मन शाळेत पोचायचं, बोटांवर मोजावं तर बोटं आमटीत. शेवटी मानेवर मोजायला लागलो. एकदा चावलं की एकदा मान खाली. बत्तिसाव्या मानेला घास गिळायचा. मध्येच कुणी बोललं आणि मोजणं चुकलं, तर पुन्हा एकपासून. घास तोंडात असताना बोलायचं नाही, हा तर मुख्य नियम.

तुम्हाला म्हणून सांगतो, आपली ज्वारीची कडक भाकरी बत्तीस वेळा चावली की बासुंदीसारखी गोड लागते. कुणाचा विश्वास बसत नाही, कारण तिथवर कुणी थांबतच नाही. तीन आठवड्यांत माझे आंबट ढेकर गेले, आणि मावसभाऊ ईरप्पाच्या अडतीतल्या काट्यावर मी चार शेरांनी उतरलो. तोटा एवढाच, की शाळेत रोज उशीर व्हायला लागला, आणि माझी बायको सुंदरम्मा माझं ताट सोडून बाकी सगळी भांडी घासून मोकळी व्हायला लागली.

त्याच दिवसांत माझ्या धाकट्या भावाचं, शिवपुत्राचं लग्न जमलं. वडील गेल्यापासून त्याला मीच वाढवलेला. मुलगी बाळीवेशीतल्या रुद्रप्पांची रुद्राणी. बघायला गेलो तेव्हा शिवपुत्रानं तिच्याकडे एकदाच पाहिलं, आणि मग चहाची बशी ओठांशी धरून तसाच बसून राहिला. परतताना म्हणाला, "अण्णा, हे नाही जमलं तर मला दुसरी दाखवायला नेऊ नका." रुद्रप्पा गिरणीत कारकून, पदरात तीन मुली. मी त्यांना सांगून टाकलं की मुलगी आणि नारळ द्या, बाकी आम्हाला काही नको. त्यांचे डोळे भरून आले, आणि कसब्यात माझं चांगलंच नाव झालं.

साखरपुड्याला निघताना सुंदरम्मा म्हणाली, की आजचा दिवस तरी चार माणसांसारखं जेवा. मी तिला समजावलं, की चार माणसं चुकीचं जेवतात म्हणूनच पाचव्यानं नीट जेवायचं असतं. तिनं देवाकडे बघून हात जोडले.

साखरपुडा अकरालाच आटोपला. साडेबाराला रुद्रप्पांच्या अंगणात पुरुषांची पंगत बसली. समोरासमोर दोन ओळी. निम्मी माणसं गिरणीतली. दोनच्या भोंग्याआधी फाटकातून आत गेली नाहीत तर त्यांचा अर्धा दिवस बुडायचा. वरपक्षाचा वडीलधारा म्हणून पहिलं पान माझं. आणि मी उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही, हे काही कुणाला सांगावं लागत नाही.

भाताला फारशी अडचण आली नाही. भात तेराव्या मानेलाच तोंडातून नाहीसा होतो. उरलेल्या एकोणीस माना रिकाम्या तोंडानं पुऱ्या करायच्या. मग पुरणपोळी आली. पुरणपोळी टाळ्याला चिकटते, दाताला चिकटते, आणि संपली असं वाटतं तेव्हा कुठून तरी परत येते.

सव्वा वाजता दोन्ही ओळींची पानं स्वच्छ झाली. मी पहिल्या पोळीच्या मध्यावर होतो. दीडला लोकांचे हात वाळले. गिरणीतली माणसं एकदा उन्हाकडे बघत होती आणि एकदा माझ्या जबड्याकडे. कुणी या मांडीवरून त्या मांडीवर होत होतं, कुणी उगाच पाणी पीत होतं. आत ताटकळलेल्या बायकांची कुजबुज वाढली, एक पोर भुकेनं रडायला लागलं. मला हे सगळं दिसत होतं. पण वर्ग चुळबुळ करतो म्हणून मास्तरनं फळ्यावरचं गणित अर्धवट सोडायचं नसतं.

एवढ्यात रुद्रप्पा हात जोडून माझ्या पानासमोर आले. आमचं काही चुकलं का, असं त्यांनी हळूच विचारलं. मी अकरावर होतो. मान खाली गेली. बारा.

रुद्रप्पांचं तोंड उतरलं. ते मागे गेले आणि तिप्पण्णाला घेऊन आले. हा तिप्पण्णा म्हणजे मुलीचा मामा. वीसेक लग्नं जमवल्याचा त्याला अभिमान होता, आणि पानावर अडून बसलेला व्याही म्हणजे काय, हे त्याला तोंडपाठ होतं. भुकेला माणूस भराभर जेवतो, पोट भरलेला उठतो. जो धड जेवत नाही नि उठतही नाही, तो रुसलेला असतो आणि त्याला काहीतरी हवं असतं! तो माझ्यापुढे उकिडवा बसला.

"मास्तर, आंगठी पातळ वाटली का?"

सोळा. सतरा.

"जरा जड करून आणू की. आन् जावयाला घड्याळ?"

अठरा. एकोणीस.

खरं सांगतो, तो काय बोलतोय याकडे माझं लक्षच नव्हतं. आणखी पोळी वाढू का, असं काहीतरी विचारत असेल, असं मी धरून चाललो. बत्तीस पुरे करून घास गिळला आणि लगेच दुसरा घेतला. नेमक्या त्या वेळी 'सायकल' हा शब्द माझ्या कानात शिरला. पंगतीत सायकल कुठून आली? आणि मग सगळा उलगडा होऊन मला दरदरून घाम फुटला. काहीही नको म्हणून गावभर मिरवलेला मी, आणि तिसऱ्या मानेत सायकल मागून बसलो होतो! घास थुंकावा तर अन्नाचा अपमान. बोलावं तर नियम मोडतो. तसाच गिळावा तर तीन आठवड्यांच्या व्रतावर पाणी. मी जोरजोरात मान आडवी हलवली.

तिप्पण्णा रुद्रप्पांकडे वळला. "सायकलीवर भागंना म्हणतायत."

आडव्या मानेनं माझं मोजणं चुकलं. पुन्हा एकपासून सुरुवात करावी लागली. एक. दोन. तीन. समोरच्या ओळीत शिवपुत्र बसला होता. तो माझ्याकडे बघत होता. उभ्या आयुष्यात त्यानं माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. घास लवकर संपवावा म्हणून मी भराभर चावायला लागलो, त्यामुळे मानही भराभर हलायला लागली.

रुद्रप्पा माझ्यासमोर खाली बसले. धोतराचा सोगा हातात घट्ट धरला होता. आवाज अगदी बारीक.

"होटगीकडं वडलांचं थोडं रान हाय, मास्तर. धाकट्या दोघींसाठी ठेवलंय. त्यातलं निम्मं लिहून देतो. पण मांडवातनं उठून जाऊ नका."

मी एकविसावर होतो. आता मान हलवायची नाही, असं मी मनाशी घट्ट ठरवलं. पण तीन आठवड्यांची सवय! जबडा हलला की मेली मान आपोआप खाली जाते. बावीस.

शिवपुत्र उठून उभा राहिला. थोरला भाऊ पानावर बसलेला असताना, हात न धुता, भर पंगतीतून उठला.

"मामा, मला घड्याळ नको, सायकल नको, रान तर नकोच नको," तो रुद्रप्पांना म्हणाला. "अण्णाला हवं असेल तर अण्णानं लग्न करावं की! मी रुद्राणीला नेसत्या लुगड्यानिशी नेतो."

तेवीस.

रुद्रप्पांनी त्याला खरकट्या हातासकट मिठी मारली. स्वयंपाकघराच्या दारात बांगड्या वाजल्या. सकाळपासून मान वर न केलेली रुद्राणी शिवपुत्राकडे टक लावून बघत होती. जाता जाता तिची नजर माझ्यावरूनही गेली, पण ती नजर निराळी होती. नवरदेवच उठला म्हटल्यावर पंगत कोण आवरणार? सगळे एकदम उठले. गिरणीतल्या लोकांनी चूळसुद्धा धड भरली नाही, टोप्या धरून धावत सुटले, आणि ते बोळाच्या तोंडाशी पोचतात तोच भोंगा झाला. रुद्रप्पा जावयाला हाताला धरून आत घेऊन गेले. त्यांच्यामागून तिप्पण्णा माझ्याकडे वळून वळून बघत गेला.

मोडायला आलेलं लग्न आधीपेक्षा पक्कं झालं. मला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. माझ्या हातचं पोर एवढं ताठ मानेनं बोललं, या विचारानं डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. त्याच क्षणी उठून सगळ्यांना खरं काय ते सांगायला हवं होतं. कळत होतं मला. पण नऊ राहिले होते.

ते मी चावले. घास गिळला, पाणी प्यालो, आणि मोठ्यानं म्हणालो, "अहो, मी रुसलो नव्हतो! मी नुसता चावत होतो!"

अंगणात तेव्हा पत्रावळी उचलायला आलेली चंद्रव्वा तेवढी उरली होती. तिनं माझ्या पानातली अर्धी पोळी बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"व्हय की, मालक," ती म्हणाली. "परत्येक लग्नात वराकडचं एक जण नुस्तं चावतच बसल्यालं असतंय."