डोमाजींच्या ट्रॅक्टरचा पोळा

रंग वाळला की नाही हे सगळं जग बोट लावून बघतं. आमचे डोमाजी गाल लावून बघत. त्यामुळे मुकुटबनात कुणाचं दार कुठल्या रंगाचं होतंय, हे डोमाजींच्या तोंडावरून कळायचं.

"बोट खोटं बोलते, गुरुजी," ते मला सांगत. "घट्टे पडले त्याले. गाल खरं सांगते."

मी तिथल्या शाळेत मास्तर, आणि डोमाजी माझे शेजारी. बावीस वर्षं त्यांनी एकाच मालकाकडे सालदारकी केली. फावल्या वेळात गावची दारं रंगवायची. आधी मालकाचे बैल हाकले, मग मालकाने कुठूनसा आणलेला जुनापुराणा ट्रॅक्टर हाकला. एकोणीसशे साठ-एकसष्टच्या सुमारास मालकाने नवा ट्रॅक्टर घेतला आणि गोठ्यामागे गंजत पडलेल्या जुन्याकडे बघून म्हटलं, "डोमा, घेऊन जाय तो." डोमाजींच्या नावावर अशी ही पहिलीच वस्तू. अंगातला सदरासुद्धा मालकाचा उतरलेला असायचा.

चार बैलजोड्या लावून ट्रॅक्टर घरापुढे ओढून आणला. सीटखाली कोंबडी अंड्यांवर बसली होती. पिल्लं निघेपर्यंत डोमाजींनी पान्याला हात लावला नाही. "तिचं बी घर आहे ना थे," म्हणाले. माझी बायको हसून बेजार झाली.

इंजिन महिन्याभरात बोलू लागलं. गंज खरवडण्यात मात्र उन्हाळा गेला. मग डोमाजींनी जाहीर केलं, की पोळ्याला हा तोरणाखाली बैलांच्या रांगेत उभा राहील. गाव खो खो हसलं.

"अन् बैल कोठी हाये, डोमाजी?"

"मालकाचे बैल लय उभे केले तोरनाखाली. औंदा माह्यं जनावर उभं करतो."

पाटील तेवढे हसले नाहीत. "रंगवून आन. गंजका डबा मी रांगीत घेनार नाई," म्हणाले.

डोमाजींनी वणीहून लाल रंग आणला. चाकं झाली, मडगार्ड झाले, दोन्ही गाल लालबुंद झाले. बॉनेट पोळ्याच्या सकाळसाठी राखून ठेवलं. सकाळी कुंचला फिरवला, तर बॉनेटवर रंग ठरेना. ठिकठिकाणी फाटून गोळा व्हायला लागला. मी जवळ जाऊन वास घेतला. लोणी आणि हळद!

आदल्या संध्याकाळी घरोघरी बैलांचे खांदे लोणी-हळदीने शेकले होते. या गृहस्थाने ट्रॅक्टरचाही शेकला होता.

माझं डोकंच फिरलं. "डोमाजी, तुम्ही रंगारी ना? रंगाआधी लोणी लावतं का कुणी? शेकायचाच होता तर रंग झाल्यावर शेकायचा!"

"रंगावरून लावलं तं रंगाले लागते, गुरुजी," ते हळूच म्हणाले. "त्याले कसं लागन? खांदा उघडा होता तवाच शेकला."

मी घरातली राकेलची बाटली आणली. दोघांनी मिळून पुसलं, पुन्हा रंगवलं. तळहाताएवढा एक डाग काही केल्या रंग धरेना.

संध्याकाळी तोच डाग पुढे घेऊन ट्रॅक्टर तोरणापाशी आला. पाटलांनी त्यावर बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि रांगेकडे वळून म्हणाले, "खांदा शेकेल आहे. सरका बे, जागा द्या त्याले."

त्या क्षणी मला वाटलेला अभिमान पुढे पोटच्या पोराच्या लग्नातही वाटला नाही.

तोरण तुटलं, बैल आपापल्या दारी पूजेला गेले. डोमाजीही आपल्या दारी आले आणि तिथे थबकले. पूजा करायची घरच्या बाईने. गिरजाबाईंना जाऊन पाच वर्षं झाली होती. माझ्या बायकोने कुणाला न विचारता ताट उचललं, पुढच्या चाकावर पाणी घातलं, कुंकू लावलं. तोवर डोमाजी आत जाऊन एक गाठोडं घेऊन आले. आत पितळी घुंगरमाळ होती, कोरी.

"गिरजानं लग्नाच्या दुसऱ्या साली घेतलती," ते म्हणाले. "म्हने, आपला बैल येईन तवा लागन."

त्यांनी ती ट्रॅक्टरच्या तोंडाशी बांधली आणि इंजिन सुरू केलं. बैलाला घुंगरं वाजवायला मान हलवावी लागते. हा मात्र उभ्या जागी थरथरत होता, आणि माळ वाजायची थांबतच नव्हती.